ग्नूकॅशमध्ये बँकेची फाईल टाकली, निम्म्याहून जास्त नोंदी गायब. मदत करा

वावरातली_वही (ता. घाटंजी, जि. यवतमाळ)
रविवार, १३ एप्रिल २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बाबांचा वर्षाचा हिशोब यंदा वहीऐवजी कॉम्प्युटरवर, ग्नूकॅश या हिशोबाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करायचं मी अंगावर घेतलं आणि ते आता अंगलट आलंय.

घरची सात एकर शेती. कपाशी, मधात तुरीची तासं, दोन एकर सोयाबीन. बाबांचं बचत खातं राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. नेट बँकिंगमधून १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ असं स्टेटमेंट उतरवलं. फाईल एक्सेलची दिसते, पण उघडताना "फाईलचा प्रकार आणि नाव जुळत नाही" असं काहीतरी विचारते. मी हो म्हणून उघडली. तारखांचा कॉलम गबाळा दिसत होता, काही तारखा डावीकडे चिकटलेल्या, काही उजवीकडे. म्हणून सगळा कॉलम निवडून वर्ष-महिना-दिवस असा एकसारखा करून घेतला, कारण ग्नूकॅशमध्ये तोच पर्याय पहिला दिसला होता. सीएसव्ही (स्वल्पविरामानं कॉलम पाडलेली साधी मजकुराची फाईल) म्हणून सेव्ह केली आणि इम्पोर्ट केली.

बऱ्याच ओळी लाल झाल्या. खाली "चुका असलेल्या ओळी वगळा" अशा अर्थाची खूण होती, ती केली. इथंच माती खाल्ली बहुतेक. फाईलमध्ये २१२ व्यवहार, आत आले फक्त ८३.

आणि जे आले तेही भलतीकडे. सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) १८ क्विंटल ४० किलो कापूस दिला होता. ओलावा ८ टक्क्यांच्या आत भरला म्हणून पूर्ण हमीभाव मिळाला, ७,५२१ प्रमाणे १,३८,३८६ रुपये ४० पैसे. हा चुकारा जमा झाला ३ डिसेंबरला, ग्नूकॅश दाखवतं १२ मार्च २०२४. त्या दिवशी आमच्या वावरात मागच्या सालच्या पऱ्हाट्या उपटणं चालू होतं. शिवाय स्टेटमेंट सुरूच होतं एप्रिलपासून, त्यात मार्च २०२४ आला कुठून?

आणखी एक, यूपीआयचे सगळे नंबर ४.३४ई+११ असे एकसारखे दिसून राहिलेत. फाईल क्यूआयएफ नावाच्या दुसऱ्या साच्यात बदलून घेतली तर सुटेल का हे? उद्या जयंतीची सुट्टी आहे, तेवढ्यात बसवायचं आहे.

---

राजेहो (अकोट)
रात्री १०.०५

ताई, कापूस इकाच्या नऊ महिने आंधी चुकारा देणारं सॉफ्टवेअर भेटलं तुले, अन् तू तक्रार करून रायली? आमच्या बी नावानं टाक एक फाईल त्याच्यात. पुढच्या सालचा चुकारा आत्ताच घेऊन ठेवतो, बियान्याले कामी येईन.

---

खटपट्या (नागपूर, गाव हिंगणघाटजवळ)
रात्री १०.२२

राजेहो, थांबा जरा :)

ताई, क्यूआयएफचं नंतर बघू. आधी एकच सांगा. जे ८३ व्यवहार आत आलेत, त्यांत कोणत्याही महिन्याच्या १२ तारखेनंतरचा एक तरी आहे का?

---

वावरातली_वही
रात्री १०.३१

अरे देवा. एकही नाही! सगळे १ ते १२ तारखेच्या आतले. तुम्हाला कसं कळलं?

---

खटपट्या
रात्री ११.१०

कारण तुमचा लॅपटॉप अमेरिकेत राहतो. म्हणजे त्याची भाषा-प्रदेशाची सेटिंग अमेरिकेची आहे, बरेच लॅपटॉप तसेच येतात. तिकडे आधी महिना लिहितात, मग दिवस.

बँकेनं लिहिलं ०३/१२/२०२४. एक्सेलनं वाचलं तिसऱ्या महिन्याची १२ तारीख. पुढच्या ओळीत २५/११/२०२४ आलं. पंचविसावा महिना काही नसतो, म्हणून ती तारीख समजलीच नाही, साधा मजकूर म्हणून तशीच सोडून दिली. तुम्हाला जो गबाळेपणा दिसला तो हाच. तारीख म्हणून घेतली की ती घरात उजवीकडे सरकते, मजकूर डावीकडे राहतो. डावी-उजवी दिसली की तिथंच हात आवरायचा.

यातली गंमत सांगतो. फाईल तशीच बंद केली असती तर कागदावर ३/१२/२०२४ हेच राहिलं असतं, ग्नूकॅशला दिवस-महिना-वर्ष सांगितल्यावर त्यानं ते ३ डिसेंबरच वाचलं असतं. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं असतं. पण तुम्ही कॉलमचं रूप बदललं, तेव्हा २०२४-०३-१२ असं छापून निघालं आणि चूक पक्की झाली. १३ ते ३१ तारखांचे व्यवहार मजकूरच राहिले, वर्ष-महिना-दिवस या साच्यात बसेनात, म्हणून लाल. आणि लाल ओळी तुम्ही वगळायला सांगितल्या. २१२ चे ८३ झाले ते असे. महिन्यातले १२ दिवस उरले, १८ गेले.

नंबरांचंही तसंच. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ आकडी असतो. एक्सेलला एवढा मोठा आकडा दिसला की तो शास्त्रीय पद्धतीनं आखडून दाखवतो, आणि सीएसव्हीत सेव्ह करताना जे दिसतं तेच लिहिलं जातं. खरे नंबर त्या फाईलमधून गेले, आता परत येणार नाहीत. काही बँकांचे खाते क्रमांक १६ आकडी असतात, तिथं तर शेवटच्या आकड्याचा शून्य होतो, कारण १५ च्या पुढचे आकडे तो धरतच नाही.

म्हणून ती फाईल डिलीट करा आणि बँकेतून पुन्हा उतरवा. तुमची "एक्सेल" फाईल खरं तर साधी मजकुराची फाईल आहे, टॅबनं कॉलम पाडलेली, वरून नुसतं एक्सेलचं नाव लावलंय. म्हणून तो उघडताना कुरकुरतो. ती लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा. एक्सेलसारखंच आहे, फुकट आहे. उघडताना एक खिडकी येईल, खाली कॉलम दिसतील. तारखेच्या कॉलमवर क्लिक करून प्रकार "तारीख, दिवस-महिना-वर्ष" निवडा. संदर्भ क्रमांकाच्या कॉलमला "मजकूर" द्या. मगच ओके. सगळ्या तारखा एका बाजूला लागल्या की काम फत्ते.

ग्नूकॅशमध्ये वरच्या नाव-पत्त्याच्या ओळी वगळायला सांगा, खालच्या "संगणकीय स्टेटमेंट, सहीची गरज नाही" वगैरे ओळीही. माझ्या स्टेटमेंटला खाली ४ असतात. ही सगळी मांडणी एक नाव देऊन तिथंच सेव्ह करून ठेवता येते, पुढच्या वेळी एका क्लिकवर लागते.

आधी झालेला घोटाळा काढायला मात्र "मागे घ्या" असं बटण नाही त्याच्यात. पण सेव्ह करताना ग्नूकॅश त्याच फोल्डरमध्ये तारीख-वेळेच्या नावानं जुन्या प्रती ठेवत जातं. इम्पोर्टच्या आधीची प्रत उघडा आणि तिथून पुढं चला.

---

शनिवारातला (पुणे)
रात्री ११.४८

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पायथनमध्ये दहा ओळींची स्क्रिप्ट लिहावी. किंवा स्टेटमेंट पीडीएफमध्ये घेऊन इंटरनेटवर कितीतरी साइट्स आहेत, त्यांवर चढवून सीएसव्ही करून घ्यावी.

---

खटपट्या
रात्री ११.५६

स्क्रिप्टचं ठीक. पण बापाचं वर्षभराचं बँक स्टेटमेंट, नाव, पत्ता, खाते क्रमांकासकट, कुठल्या कोण साइटवर चढवायचं? नको. पीडीएफच असेल तर टॅब्युला नावाचं मोफत साधन आहे, आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं आणि तक्ते उचलून देतं. स्कॅन केलेल्या पानावर मात्र चालत नाही, अक्षरं खरी लागतात.

क्यूआयएफचं राहिलंच. तो क्विकन या जुन्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या काळातला साचा आहे, त्यातही तारखेचा हाच घोळ. बँकेकडून ओएफएक्स या साच्यात फाईल मिळाली तर उत्तम. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंट्युइट आणि चेकफ्री यांनी मिळून काढलं ते. त्यात प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, त्यामुळं तीच फाईल चुकून दोनदा टाकली तरी नोंदी दुप्पट होत नाहीत. माझी तीन बँकांत खाती आहेत, तिन्हीकडे ओएफएक्स नाही. म्हणजे आपल्या नशिबी सीएसव्हीच.

---

लाल_मिरची (भिवापूर)
सोमवार, १४ एप्रिल, सकाळी ७.१५

माझाही एक किस्सा घ्या. माझी बँक थेट सीएसव्ही देते, म्हणून मी खूश होतो. पण तिच्यात रकमा १,२५,००० अशा स्वल्पविरामासकट, आणि भोवती अवतरणचिन्हं नाहीत. सीएसव्हीत स्वल्पविराम म्हणजे नवा कॉलम! मिरचीचे १,२५,००० आले ते १ वेगळा, २५ वेगळा, ००० वेगळा असे तीन घरांत बसले. ग्नूकॅशनं पहिलं घर उचललं. दोन ट्रॅक्टर मिरची, जमा रुपया एक.

सरळ एक्सेलचा पर्याय घेऊन उतरवली तेव्हा सुटलं. शिवाय रकमेच्या मागं "सीआर" (जमा), "डीआर" (नावे) चिकटलेलं असेल तर तेही शोधून काढून टाका, आकड्याच्या घरात फक्त आकडा.

---

वावरातली_वही
सोमवार, दुपारी १.२०

खटपट्या दादा, झालं!! लिबरऑफिसमधून केलं. २१२ मधले २१० आले. चुकारा ३ डिसेंबरला आला. नंबरही पूर्ण आले.

दोन कमी का, तर एक नोंद मीच सोडली. ५ ऑक्टोबरला २,००० ची जमा दोनदा दिसत होती, मला वाटलं डबल आली, म्हणून तिच्यावरची टिक काढली. दुसरी कोणती गेली ते सापडलं नाही, पण आता एवढ्यात कोण शोधतं.

नवी भानगड वेगळीच आहे. सगळे व्यवहार "इम्बॅलन्स" नावाच्या खात्यात, म्हणजे कशाचे ते न ठरलेल्यांच्या ढिगात, जाऊन बसले. मी एकेक उचलून जमा झालेलं सगळं "उत्पन्न" आणि गेलेलं "खर्च" असं टाकलं. अहवाल काढला तर वर्षाचं उत्पन्न ७ लाख ७७ हजार! बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "एवढे कमावले असते तर घरावरचे टिनं नसते बदलले?"

आणि शिल्लक जुळत नाही. १ एप्रिलची सुरुवातीची शिल्लक टाकली आहे. तरी ३१ मार्चला पासबुकापेक्षा १,९८२ रुपये ३० पैसे कमी दाखवतं.

---

निवृत्त_कॅशियर (दर्यापूर)
सोमवार, दुपारी ३.०५

बेटा, काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द सांगतो.

आधी १,९८२.३०. फरक सापडत नसला की आम्ही तो गोळीसारखा तोंडात घोळवायचो. शेवटी ३० पैसे आहेत म्हणजे ७० पैशांचं काहीतरी वजा झालेलं आहे. २,००० वजा १७.७० करून बघ. १७.७० म्हणजे एसएमएसचा तिमाही आकार, १५ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे २ रुपये ७० पैसे. तो लागतो तिमाहीच्या शेवटी, म्हणजे ३१ मार्चला, म्हणजे तुझ्या स्टेटमेंटच्या अगदी शेवटच्या ओळीत. खटपट्यांनी खालच्या ४ ओळी वगळायला सांगितल्या, त्यांच्या स्टेटमेंटला तळटीप ४ ओळींची असेल, तुझ्या ३ च असतील. चौथी ओळ खरा व्यवहार होता. तो खर्च आत आला नाही म्हणून शिल्लक १७.७० नं जास्त झाली.

आणि २,००० तू स्वतः सोडले. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमला पंतप्रधानांचा कार्यक्रम झाला, आठवतो? त्या दिवशी पीएम किसानचा १८ वा हप्ता सोडला आणि त्याचबरोबर राज्याच्या नमो शेतकरीचा ५ वा. दोन्ही दोन-दोन हजारांचे. त्या जमा दोन वेगळ्या आहेत बेटा, डबल नाहीत. संदर्भ क्रमांक मिळवून पाहा. एक रक्कम, एक तारीख एवढ्यावरून नोंद कधी कापू नये. मजुरांना एकाच दिवशी सारखी मजुरी गेली तर तिथंही हेच होईल.

आता ७ लाख ७७ हजारांचं. मार्चमध्ये मोठ्या रकमा आल्या-गेल्या असतील, त्या लिहून कळव.

---

वावरातली_वही
सोमवार, दुपारी ३.४०

काका, १७.७० तिथंच सापडले, शेवटच्या ओळीत! आणि ते दोन हजार नमोचेच. आता शिल्लक पैशाला पैसा जुळते.

मोठ्या रकमा अशा. ८ एप्रिल २०२४ ला १,६०,००० जमा. २४ मार्च २०२५ ला मामांकडून १,६०,००० जमा. २६ मार्चला १,६०,००० पीककर्जात भरले. २९ मार्चला १,७५,००० जमा. ३० ला मामांना १,६०,००० परत. शिवाय दादा चाकणला कंपनीत आहे, त्याचे वर्षभरात ३०,००० आले.

---

निवृत्त_कॅशियर
सोमवार, संध्याकाळी ५.३०

म्हणजे नवं-जुनं. मला वाटलंच.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याजाची सवलत मिळते. केंद्राच्या योजनेत ३ लाखांपर्यंत ७ टक्के दर, वेळेवर भरलं की त्यातले ३ टक्के परत. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेनं उरलेलंही भरून निघतं, म्हणून वेळेवर भरणाऱ्याला ते बिनव्याजी पडतं. पण मार्चमध्ये कास्तकाराच्या हातात एकरकमी दीड लाख असतात कुठं? मग पाहुण्यांकडून, कधी सावकाराकडून, आठ दिवसांसाठी आणायचे, कर्ज भरायचं, बँकेनं नवं मंजूर केलं की ज्याचे त्याला देऊन टाकायचे. मार्चअखेरीस माझ्या काउंटरवर हीच रांग असायची. एकच नोटांचं बंडल सकाळी एका कास्तकाराच्या नावानं भरलं जायचं आणि दुपारी दुसऱ्याच्या, हेही पाहिलं आहे.

आता तुझ्या फाईलमध्ये हे सगळं "जमा" म्हणूनच येणार. फाईलला काय कळतं. १,६०,००० अधिक १,६०,००० अधिक १,७५,०००, हे ४ लाख ९५ हजार कमाई नाहीच, हे देणं आहे. ग्नूकॅशमध्ये "देणी" या गटात दोन खाती उघड, एक "पीककर्ज", एक "मामा उसने". कर्ज उचललं की "पीककर्ज" वाढतं आणि बचत खातं वाढतं. भरलं की दोन्ही कमी होतात. उत्पन्न-खर्चाला हातच लागत नाही. ३१ मार्चला "मामा" शून्य दिसायला हवेत आणि "पीककर्ज" १,७५,०००. तसं दिसलं म्हणजे बरोबर.

दादाचे ३०,००० ही शेतीचं उत्पन्न नाहीत, ते वेगळ्या नावानं ठेव. तुझ्या बँकेनं भरताना मुद्दलच घेतलं. काही ठिकाणी व्याज आधी भरून घेतात आणि सवलत मागून खात्यात जमा होते. ज्यांचं तसं असेल त्यांनी ती मागून आलेली जमा उत्पन्नात न टाकता "व्याज" या खर्चातूनच कमी करावी, नाहीतर व्याज भरलं म्हणून खर्च दिसतो आणि परत आलं म्हणून कमाई दिसते.

एक सूचना. पुढं कर्जखात्याचीही फाईल उतरवून टाकशील तेव्हा तीच २६ मार्चची नोंद तिथूनही येईल, कारण एकच व्यवहार दोन्ही स्टेटमेंटांत छापलेला असतो. त्या वेळी मात्र ती खरोखरच डबल असेल. ग्नूकॅश ती जुन्या नोंदीशी जुळवून दाखवतं. "नवी घाल" ची टिक न ठेवता "जुळली" ची ठेवायची.

---

खटपट्या
सोमवार, रात्री ८.५०

कॅशियर काका, दंडवत. १,९८२.३० वरून दोन चुका काढणं आमच्या कोडमध्ये बसत नाही. ४ ओळींची चूक माझी, कबूल.

ताई, २१२ व्यवहार एकेक उचलून खात्यात टाकायला लागले ते का, ते सांगतो. ग्नूकॅश शिकतं. तुम्ही एकदा कृषी केंद्राचं नाव "बियाणे-खत" मध्ये टाकलं की पुढच्या वेळी ते नाव दिसताच तेच खातं सुचवतं. पण ते वर्णनाचे शब्द मोकळ्या जागेवर तोडून लक्षात ठेवतं. आपल्या बँका वर्णन कसं छापतात? यूपीआय, तिरकी रेघ, डीआर, तिरकी रेघ, १२ आकडी नंबर, तिरकी रेघ, दुकानाचं नाव, असं एका दमात, कुठं जागाच नाही. म्हणजे त्याच्या दृष्टीनं ती अख्खी ओळ हा एकच शब्द, आणि त्यात दर वेळी नवा नंबर. तसला शब्द जन्मात पुन्हा येत नाही, मग शिकणार काय डोंबल?

म्हणून कॅल्कमध्ये फक्त वर्णनाचा कॉलम निवडा, "शोधा आणि बदला" मध्ये तिरक्या रेघेच्या जागी एक मोकळी जागा टाका. एवढंच. दोन-तीन महिन्यांचे व्यवहार हातानं लावले की पुढचे बरेचसे आपोआप हिरवे येतात. चुकीचं शिकलं तर साधनांच्या मेनूत त्यानं काय लक्षात ठेवलंय ते उघडून तेवढं पुसता येतं. माझ्याकडे सुरुवातीला पेट्रोल पंपाचं सगळं "दवाखाना" मध्ये जात होतं.

---

राजेहो
सोमवार, रात्री ९.१५

हे सगळं बराबर हाये. पन एक इचारतो. पाच एकरात कपाशी अन् कापूस फक्त १८ क्विंटल ४० किलो? बाकीचा खेडा खरेदीत, गावातच येपाऱ्याले, देल्ला असन ना? त्याचे पैसे नगदी आले असतीन. थे कोनत्या फाईलीत हायेत? वेचाईचे पैसे कोनत्या फाईलीत? कृषी केंद्राची उधारी? मी जूनात बियानं नेतो, पैसे देतो दिवायीले. बँकेले थे कायी मालूम नाई.

आमच्या इकडे अर्धा संसार बँकेच्या भाईर चालते, राजेहो.

---

वावरातली_वही
सोमवार, रात्री १०.००

हो काका, तेच आज संध्याकाळी लक्षात आलं. स्टेटमेंटमध्ये नोव्हेंबरात नुसतं "एटीएम १०,०००", "एटीएम १०,०००" असं चार वेळा आहे. मी ते "घरखर्च" मध्ये टाकलं होतं. आई म्हणाली, घरखर्च कसला, ते बायांना दिले वेचाईचे.

मग बाबांची लाल वही काढली. डाव्या पानावर बायांची नावं, उजवीकडे किलो. २६, ३१, १९, ३४. खाली रेघ मारून बेरीज आणि दहानं गुणलेलं. एका पानाला कापसाची सरकी चिकटलेली होती, अजून. वहीत खेडा खरेदीत दिलेला शेवटचा कापूसही आहे, फरदडीचा, आणि कृषी केंद्राची उधारी वेगळ्या पानावर, प्रत्येक ओळीपुढं दुकानदाराची सही.

आता मी "रोख" नावाचं खातं उघडलं आहे. एटीएममधून काढले की बचत खात्यातून रोखीत, तो खर्च नाही. वहीतून वेचाई टाकली की रोखीतून "मजुरी". "कृषी केंद्र उधारी" हे देण्यांच्या गटात. वही टायपायला चार-पाच दिवस लागतील.

---

गटाची_सचिव (ता. मेहकर)
मंगळवार, १५ एप्रिल, सकाळी ११.१०

मी वाचून राहिले दोन दिवसांपासून. आमचा बचत गट आहे दहा जणींचा. बँक सहकारी, फाईल मिळत नाही, फक्त पासबुक छापून देतात. मी एक्सेलमध्ये मराठीत टाइप केलं, "सभासद वर्गणी", "कर्ज परतफेड" असं. सीएसव्ही केली तर मराठीच्या जागी सगळी प्रश्नचिन्हं आली. आकडे तेवढे राहिले. मराठीत होतच नाही का हे?

---

खटपट्या
मंगळवार, दुपारी १२.०२

होतं की. सेव्ह करताना एक्सेलमध्ये सीएसव्हीचे दोन प्रकार दिसतात, एक साधा आणि एक यूटीएफ-८ लिहिलेला. साध्यात देवनागरी मावत नाही. यूटीएफ-८ वाला घ्या, आणि इम्पोर्ट करतानाही तेच निवडा. प्रश्नचिन्हं झालेली फाईल मात्र दुरुस्त होत नाही, मूळ एक्सेलची फाईल असेल तिच्यातून पुन्हा काढा.

पासबुक टाइप करताना प्रत्येक ओळीची शिल्लकही टाइप करा आणि शेजारच्या घरात मागची शिल्लक अधिक जमा वजा नावे असं सूत्र लावा. जिथं जुळत नाही तिथं टाइप करताना चुकलात. पाच मिनिटांत सापडतं.

---

गटाची_सचिव
मंगळवार, दुपारी १२.४०

मूळ फाईल आहे. रात्री करते. शिल्लकेचं आवडलं, गेल्या मिटिंगला ९० रुपयांवरून दोघींचं बोलणं बंद झालं आहे.

---

वावरातली_वही
रविवार, २० एप्रिल, रात्री ९.३०

वही टाकून झाली. बँकेतून आलेलं शेतीचं, किसान आणि नमोचे हप्ते धरून, २ लाख ५४ हजार १८६ रुपये ४० पैसे. खेडा खरेदीचे नगदी त्यात वेगळे. "मामा" शून्य. "पीककर्ज" १,७५,०००. रोखीत ३४० रुपयांचा फरक राहतोय, आईला विचारलं तर ती नुसती हसली. तो तसाच ठेवते.

बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवून सगळ्यात आधी उधारीचं पान पाहिलं. मग म्हणाले, दुकानदाराची सही कुठं आहे याच्यात? म्हणून वही चालूच राहणार आहे.

---

राजेहो
रविवार, रात्री ९.५२

सहीचं बराबर बोलले तुहे बाबा.

ताई, आता मले एक सांग. आमच्या पोराले म्या म्हनलं बँकेची फाईल काढून दे, तं तो म्हंते पासवर्ड इसरलो. सकायी बँकेत जाऊन भेटते का थे? का तिथं बी आधी महिना अन् मंग तारीख सांगा लागते?